आवाजाची काडतुसं

वैशाखातलं ऊन पोलीस ठाण्याच्या कौलांवर पांढरं होऊन पडलं होतं. आवारात झाड नव्हतं. सावल्या होत्या त्या बंदुकांच्या. भिंतीला ओळीनं टेकवलेल्या, बारीक, काळ्या, एकीला लागून एक. निवडणूक लागली की आम्हां परवानेवाल्यांना बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि निकाल लागला की त्या परत मिळतात. शेताच्या राखणीची माझी एकनळी बंदूक घ्यायला मी गेलो होतो.

शिपायानं पुकारलं, "गंगाराम धुरी!"

मी पुढं झालो. त्यानं बंदूक हातात दिली. लोखंड थंड असेल असं वाटलं होतं, ते तापलेलं होतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. शेजारचा बाबल होता.

"गंगाराम, आयकतंस मां? घराकडे ये. द्वारका पडली."

"पडली म्हणजे?"

पलीकडं बायका रडत होत्या.

"पडली म्हणजे गेली रे," तो म्हणाला.

शिपाई सहीसाठी बोटानं जागा दाखवत होता. मी सही केली. बाहेर आलो. ऊन मघा होतं तसंच होतं, रस्ता तसाच होता, पलीकडचा गुलमोहर तसाच लाल होता.

एसटीत गवसणी घातलेली बंदूक गुडघ्यांत धरून बसलो. शेजारच्या माणसानं हसून विचारलं, "काय काका, शिकारीक?"

"नाय," मी म्हणालो, "घराकडे."

*

पडवीत तिला ठेवलं होतं. तिच्या कपाळावर कुणीतरी मोठं कुंकू लावलं होतं. जवळच पाट होता, पाटावर हातोडी, आणि एक धार लावलेली लोखंडी नळी. नळीखाली एक लग्नपत्रिका होती. पत्रिकेवर नळीचा गोल उमटला होता, पण पुरता तुटला नव्हता. एका बाजूनं तो अजून पत्रिकेला धरून होता.

बंदूक घरी येणार म्हणून ती कामाला बसली होती.

द्वारका काडतुसं भरायची. दुपारी बायका वाती वळतात, तांदूळ निवडतात. द्वारकाही वळायची, निवडायची, आणि मग पितळेची रिकामी काडतुसं पाटावर मांडून बसायची. तिच्या माहेरी बंदूक होती आणि भाऊ नव्हता. विडा लावायला शिकवावं तसं तिच्या वडलांनी तिला काडतूस भरायला शिकवलं. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत तिनं रेड्याच्या शिंगाचं एक इवलंसं माप आणलं होतं. माझ्या आईला वाटलं, ही सुनेची काजळाची डबी.

माझ्याकडं बंदूक आली ती वडलांकडून. ती उडवायची कशी, एवढंच मला येत होतं. भरलेलं काडतूस तिच्या हातून माझ्या हातात यायचं. रिकामं झालं की माझ्या हातून तिच्या हातात जायचं. ती भरून द्यायची, मी रिकामं करून परत करायचो. आमचा सगळा संसार तसाच चालला.

तिच्या काडतुसांत छर्रे नसायचे. डुकरांनी पळावं, वांदरांनी झाड सोडावं, एवढंच तिला हवं असायचं. "अवो, आवाज होवक व्हयो," ती म्हणायची, "रगात नको."

तळाची उडालेली टोपी काढून ती नवी बसवायची. मग शिंगाच्या मापानं दारू ओतायची, डोळे बारीक करून, मुलाला औषध पाजावं तशी. दारूवर पुठ्ठ्याचा गोल, त्यावर जुन्या घोंगडीचा गोल, वर पुन्हा पुठ्ठ्याचा. लाकडी दांड्यानं दाबायची. छापलेली बाजू आत, कोरी बाजू वर, आणि त्यावर मेण. मग काडतूस कानाशी धरून हलवायची. आत जरा जरी खुळखुळलं तरी उघडून पुन्हा भरायची.

पुठ्ठा म्हणजे लग्नपत्रिका. गावात येणारी प्रत्येक पत्रिका शेवटी तिच्याकडं यायची. हळदीचं बोट लागलेली, तांबड्या अक्षरांची, सोनेरी काठाची. पत्रिकेवरच्या गणपतीला तिनं कधी नळी लावली नाही. तो कात्रीनं हलकेच कापून देवघराच्या भिंतीला चिकटवायची. आमच्या देवघरात इतके गणपती जमले की भिंत दिसेनाशी झाली.

बार झाला की भातावर धुराचा ढग उभा राहायचा, आणि त्या ढगातून पत्रिकेचे गोल खाली यायचे. कडेनं करपलेले, भिरभिरत, सावकाश. कुणाचं 'चिरंजीव', कुणाचं 'शुभमुहूर्त', कुणाच्या मामाचं अर्धं नाव. भात कापताना बायकांना ते सापडायचे. "गे बाय, ही माझ्या लग्नाची पत्रिका!" असं ओरडून त्या हसायच्या. ज्या पोरीचा गोल सापडला नाही ती रुसायची. द्वारकेनं कापली नाही तर लग्नच लागलं नाही, अशी गावात थट्टा होती.

गोल कापून उरलेल्या पत्रिका ती सुतळीत ओवून पडवीच्या वाशाला टांगायची. भोकाभोकांच्या पत्रिका. दुपार कलली की ऊन त्यांतून आत यायचं आणि भिंतीवर उजेडाचे गोल पडायचे.

*

दिवस झाले. माणसं आली, माणसं गेली.

उत्तरकार्याच्या पत्रिका छापून आणल्या होत्या, त्या पुष्कळ उरल्या. पांढऱ्या, काळ्या काठाच्या. वर तिचं नाव, त्याच्या आधी 'कै.' आणि मग 'सौ.' लिहिलेलं. अशी पत्रिका वाचली की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. लोकांनी आपापल्या फाडल्या. माझ्याकडचा गठ्ठा मी पडवीत घेऊन बसलो. एक हातात धरली. वरच तिचं नाव होतं.

फाडवली नाही. ठेवताही येईना.

पडवीच्या खांबाला तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. वर्षानुवर्षं ती तिथं टेकून बसली, लाकडानं तेवढंच तेल प्यायलं. वाऱ्यानं वाशावरच्या पत्रिका हलल्या, भिंतीवरचे उजेडाचे गोल सरकले, आणि त्यांतला एक त्या डागावर येऊन थांबला. कपाळ असतं त्या उंचीवर. कुंकवाएवढा.

मी पाट ओढला. पत्रिका ठेवली, नळी ठेवली, हातोडी मारली. पांढरा गोल खाली पडला.

निळ्या डब्यात तिची भरलेली काडतुसं होती. ओंजळभर. निवडणुकीआधी भरलेली. तिच्या बोटांनी दाबलेली, तिच्या हातच्या मेणानं मिटलेली. मेणावर एकदोन ठिकाणी तिच्या अंगठ्याच्या रेषा होत्या, उजेडात तिरपं धरलं तरच दिसणाऱ्या. मी ठरवलं, ही उडवायची नाहीत. शेत राखायला माझी मी भरेन. माझी लाल डब्यात, तिची निळ्यात. तालुक्याच्या दुकानात परवाना दाखवून दारू आणि टोप्या आणल्या आणि या वयात मी पाटाशी बसलो.

तिचे हात इतकी वर्षं डोळ्यांसमोर होते, पण मी ते पाहिले नव्हते. आता आठवून आठवून पाहू लागलो. माप धरताना करंगळी कशी असायची. दांडा दाबताना श्वास कुठं थांबायचा. माझ्या बोटांतून दारू पाटावर सांडायची, मेण वेडंवाकडं बसायचं. कानाशी धरलं की आत खुळखुळ.

श्रावणात वांदर पोफळीच्या बागेत उतरले. मी माझं पहिलं काडतूस उडवलं. नळीतून धूर आला आणि खोकल्यासारखं काहीतरी झालं. वांदर जागचे हलले नाहीत. एकानं अंग खाजवलं.

कुंपणापलीकडून बाबलची हाक आली. "गंगाराम, बार काडलंस काय शिंकलंस?"

"पावसाची हवा आसा," मी म्हणालो.

"हवेक कित्याक नाव ठेवतंस? वैनीची हयात गेली ह्याच हवेत."

त्या दुपारी मी पुन्हा बसलो. दुसऱ्या दुपारी पुन्हा. घर रिकामं असलं की हातोडीचा आवाज फार मोठा होतो. मी थांबलो तरी तो थांबत नसे. मागीलदारी गेलो की पडवीतून ऐकू यायचा. ठक्. जरा थांबून, ठक्. पडवीत आलो की पाट असायचा, हातोडी असायची, भिंतीवर उजेडाचे गोल हलत असायचे.

कधी दांडा दाबताना कानाशी तिचा आवाज यायचा. "दाबा. अवो, आजून दाबा. भाकरी थापतास काय?"

मी दाबायचो.

भाताला लोंब्या धरल्या तोवर माझं काडतूस खुळखुळेनासं झालं. कानाशी हलवलं की आत गच्च शांतता. बार असा होऊ लागला की डोंगराकडून तो परत यायचा. भातावर आता पांढरे गोल उतरू लागले. काळ्या काठाचे. कुणावर 'दुःखद', कुणावर 'उत्तरकार्य', कुणावर तिच्या नावाची दोन अक्षरं. घरात ठेवता येत नव्हती, फाडवत नव्हती, ती पत्रिका अशी नळीतून बाहेर जात होती. आभाळात जात होती आणि शेतात येत होती.

निळा डबा मी रोज उघडून बघायचो. पावसाच्या ओलीनं तिची काडतुसं काळपट हिरवी झाली होती. मी त्यांना पुसत नव्हतो. तिच्या बोटांच्या खुणा जातील अशी भीती होती.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझी थोरली बहीण आली. आक्का. बाईविना घरात सण कसा होईल या काळजीनं ती पहाटेच घरून निघाली होती. मी शेतावर बांध बघायला गेलो. परत आलो तेव्हा खळ्यात ऊन होतं आणि उन्हात पितळ झगमगत होतं. समई, तांबे, पराती, घंगाळ. चिंचेचा आंबट वास सुटला होता. मध्ये तबकात दसऱ्याच्या शस्त्रपूजेची मांडामांड. कोयता, विळी, बंदूक, आणि बंदुकीपुढं काडतुसं. सगळी. एका ओळीत. झेंडूसारखी पिवळी.

"किती काळा पडला होता रे पितळ!" आक्का म्हणाली. "तिका असा चालला असता?"

"आक्का, ही खयच्या डब्यातली?"

"खयच्या म्हणजे? दोनय डब्यांतली. निळ्यातली तर हिरवी झाल्ली. चिच लावलंय, राखेन घासलंय, मेणय पुसून सारख्या केलंय. बघ कशी चकाकतत."

"निळ्यातली तिची होती."

आक्काच्या बोटाला कुंकू होतं. ते बोट तबकावर तसंच राहिलं.

"माका काय म्हायत रे," ती हळूच म्हणाली. मग पदर खोचून खाली बसली. एकेक काडतूस उचलून डोळ्यांशी नेऊ लागली. "थांब, मी वळखतंय. तिचो हात साफ होतो. ही बघ. ही तिची."

"ती माझी असेल."

"तू खय इतकी बरी भरतलंस?"

एवढं बोलली आणि तिला रडू आलं. मी तिच्यासमोर बसलो. एकेक काडतूस कानाशी धरलं, हलवलं. त्यात शांतता. दुसऱ्यात शांतता. सगळ्यांत तीच, गच्च, दाबलेली शांतता. श्रावणात माझं काडतूस खुळखुळायचं, तेव्हा डोळे मिटूनही मी तिचं ओळखलं असतं. आता माझा हात तिच्या हातासारखा झाला होता, आणि म्हणूनच तिचा हात मला सापडत नव्हता.

मेण खरवडलं असतं तर कळलं असतं. आत तांबडी अक्षरं की काळी. पण मिटलेलं तिनं होतं. उघडलं की ते तिचं राहणार नव्हतं.

आक्कानं सगळ्यांना हळदकुंकू लावलं. कुणालाच वगळता येत नव्हतं.

*

दसरा गेला. भात पिवळं झालं. पहाटेच्या धुक्यात ते शेत असं दिसायचं, की कुणी हळदीनं भरलेलं ताट झाकून ठेवलंय. आणि त्या धुक्यातून डुकरं यायची. काळी, ठेंगणी, पिल्लांसकट.

मी पत्र्याचा डबा बडवला. ती मान वर करून बघायची आणि पुन्हा खायला लागायची. एका पहाटे बांधालगतचा पट्टा लोळवून गेली. दुसऱ्या पहाटे माझं कुंपण मोडून बाबलच्या वाटणीत शिरली.

बाबल बांधावर येऊन उभा राहिला. पायांशी आडवं झालेलं भात होतं.

"गंगाराम, काडतुसां काय लोणच्याक घातलंस?"

मी त्याला सांगितलं. दोन डबे, चिंच, तबक. सगळं. बाबल ऐकत राहिला. मग त्यानं आडव्या भाताची एक लोंबी उचलली, तळहातावर चोळली, दाणे फुंकले.

"वैनीन ती कित्याक भरल्यान होती?" त्यानं विचारलं.

तो लोंबी माझ्या हातात देऊन गेला.

दुसऱ्या पहाटे मी तबकातलं एक काडतूस न बघता उचललं. आकाश उगवतीला करडं होत होतं. भात हललं, काळी पाठ दिसली. मी नळी वर धरली. चाप ओढताना डोळे मिटले. बार झाला, डोंगराला जाऊन परत आला, डुकरं धडधडत रानात शिरली. धूर भातावर बसून राहिला. मी त्याच्याखाली तोंड वर करून उभा राहिलो. गोल आला. पांढरा. काळ्या काठाचा. माझा होता. मला इतकं हायसं वाटलं की मी बांधावर खाली बसलो.

पुढच्या पहाटेही तसंच. पांढरा. माझा.

त्यानंतरच्या पहाटे धुकं दाट होतं. बार झाला. आवाज तसाच होता, अगदी तसाच, माझ्या कानाला कणभर फरक लागला नाही. डोंगरानंही तो तसाच परत केला. डुकरंही तशीच पळाली. मग धुक्यातून एक गोल उतरू लागला. एवढासा, भिरभिरत, घाई नसलेला. माझ्या खांद्यावर टेकला आणि घसरून भातात पडला. मी वाकून शोधला. एका कडेला हळद होती. तांबड्या अक्षरांत 'अगत्य' एवढंच उरलं होतं. 'येण्याचे अगत्य करावे', त्यातलं.

गोल अजून उबदार होता. मी तो मुठीत धरला आणि उजाडेपर्यंत तिथंच उभा राहिलो. दारूचा वास तिच्या पदरालाही यायचा. धुकं होतं तोवर तो वास होता. ऊन आलं आणि तो गेला.

*

भात कापलं. विळे चालले, पेंढ्या पडल्या. बायकांना गोल सापडत होते. लग्नाचा गोल सापडला की त्या वाचायच्या आणि हसायच्या. पांढरा सापडला की गप्प व्हायच्या, पदरानं पुसायच्या आणि बांधावर दगडाखाली ठेवायच्या. संध्याकाळपर्यंत दगडाखाली पांढऱ्या गोलांची लहानशी चवड झाली. मी ती तिथंच राहू दिली.

कापणीला बाबलची पुतणी आली होती, दीक्षा. वैशाखातच तिचं लग्न झालं, द्वारका गेली त्या आठवड्यात. दिवाळीसाठी माहेरी आली होती. हातातला चुडा कोपरापर्यंत सारून ती विळा चालवत होती. दिवसभर तिनं लग्नाचा प्रत्येक गोल उलटून पाहिला. दिवस मावळताना माझ्याजवळ आली.

"काका, माझो गोल गावलो नाय. काकीन माझी पत्रिका कापूक घेतल्यान होती मां?"

"घेतली होती."

"मगे माझो कदी उडतलो?"

ती हसत विचारत होती. माझा चेहरा पाहून तिनं हसू आवरलं.

"उडतलो," मी म्हणालो.

घरी आलो. पडवीत शेवटचं ऊन होतं, वाशावरच्या पत्रिकांमधून भिंतीवर आलेलं. तबकात अजून थोडी काडतुसं आहेत. त्यांतली कुठली तिची, कुठली माझी, मला माहीत नाही. ती आता मी मोजत नाही, वेगळी करत नाही. डुकरं आली की हाताला येईल ते उचलेन.

पाट काढला. त्या दिवशी नळीखाली राहिलेली दीक्षाची पत्रिका त्यावर ठेवली. तांबड्या अक्षरांची, सोनेरी काठाची, हळदीचं बोट लागलेली. द्वारकेनं उमटवलेल्या गोलावर नळी ठेवली. कडा कडेला नीट बसली. हातोडी उचलली.

उजेडाचा एक गोल भिंतीवरून सरकत खांबावर आला, तेलाच्या डागावर थांबला, आणि फिकट होत होत मावळला. मी हातोडी खाली ठेवली.

पत्रिका अजून पाटावर आहे. गोल एका बाजूनं तिला धरून आहे. एक ठोका बाकी आहे. तो मी अजून मारलेला नाही.